पॅनमधला कोंबडा

मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

कुमारचा फोन आला. शनिवारी संध्याकाळी तो आणि अश्विनी पुण्याहून येणार, रविवारी दुपारी परत. मी म्हणालो, या, पण तुझी आई घरी नाही. बाळाबाई महिनाभर वेल्ह्याला भावाकडे आहे, तिच्या आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला म्हणून. कुमार म्हणाला, "मग नाना, येताना आम्हीच काहीतरी बांधून आणतो." मला रागच आला. सासरा हातीपायी धड असताना सुनेनं हॉटेलातलं बांधून आणायचं? बोलून गेलो, "काही आणायचं नाही. जेवण मी करणार. अश्विनीच्या त्या पॅनमध्ये करणार."

पलीकडून कुमार म्हणाला, "त्या पॅनमध्ये?" का विचारलं ते मला माहीत आहे. मागच्या यात्रेला अश्विनीनं तो काळा पसरट पॅन आणला होता, काचेच्या झाकणाचा, आणि त्यात चिकन केलं होतं, दाट अंगच्या रश्श्यातलं. त्यांच्याकडची पद्धत. मी चार पाहुण्यांसमोर ताट पुढं सरकवलं आणि म्हणालो, "हे खायचं आहे का भिंतीला थापायचं?" सगळे हसले. तीही हसली. जाताना पॅन इथंच राहिला. बाळाबाई म्हणाली, "इसरली न्हाई ती. टाकून गेली."

एस.टी.त तेहेतीस वर्षं कंडक्टरकी केली, माणसांवर तोंड टाकायची सवयच लागली. तेव्हा वाटली नाही ती लाज आता वाटते. म्हणून हा सगळा घाट.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अश्विनीनं मोबाईलवर व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलंय, 'नाना, आच मंद ठेवा आणि सारखं ढवळू नका.' न ढवळता माणूस चुलीपुढं करतो तरी काय? बटाटे घालून करून पाहिलं. खालून काळे, वरून कच्चे. कुत्र्यानंही हुंगून सोडले.

कोंबडा आमचाच घ्यायचा, वाकड्या तुऱ्याचा तांबडा. मुबारकला शनिवारी ये म्हणून फोन करून ठेवला. मुबारक भोरचा, मुलाणी. दर रविवारी टेम्पो घेऊन आमच्या हिर्डोशीकडच्या वाड्यांवर ब्रॉयलर विकतो, आणि कुणाचं घरचं कोंबडं असलं तर कापूनही देतो. आमच्याकडं देवीचं असो, घरचं असो, सुरी मुलाण्याच्याच हातची. त्याच्या आज्यापासूनचा मान.

संध्याकाळी शेजारची चंद्राबाई आमंत्रण द्यायला आली. येत्या मंगळवारी वाघजाईला नवस फेडायचा आहे. तिचा नातू, तिच्या पप्पूचा पोरगा, सातव्याच महिन्यात जन्मला, दीड महिना दवाखान्यात पेटीत होता. पोर घरी आलं त्याच आठवड्यात तिच्या कोंबडीखाली पिल्लं फुटली. त्यातला एक तिनं देवीच्या नावानं वाढवला, आणि तो देवीला जाईपर्यंत स्वतः मटण-कोंबडी सोडली. "आता तुमास्नी बी यायला लागंल नाना, परसादाला." म्हणालो, येणार की.

शनिवार, ८ फेब्रुवारी

जमलं! भांडी घासून झाली, आता बसून सगळं लिहितो.

दिवेलागणीला मुबारक आला. लाईट गेलेली. खुराड्यात हात घालून कोंबडा धरला, पोत्यात घातला आणि त्याच्या हातात दिला. इकडं माझा कांदा तेलात पडलेला. थोड्या वेळानं त्यानं मागल्या दारातून विचारलं, "साहेब, ह्यो तुमचाच न्हवं?"

"मग काय तुझ्या आज्याचा?"

"न्हाई, पायाला दोरा हाय जणू."

"असेल. बायका बांधतात ओळखायला. तू आटप, माझा कांदा जळतोय."

त्यानं पोतं पुन्हा एकदा उघडून पाहिलं. मग गेला. साफ करून, तुकडे करून आणून दिलं, पिसं-बिसं नेहमीसारखी ओढ्याकडं घेऊन गेला. चहा पी म्हणालो तर नको म्हणाला. एरवी दोन कप पितो.

कांदा तांबूस झाला. आलं-लसूण. मग तुकडे एकेक करून पॅनमध्ये मांडले आणि हात मागं बांधून उभा राहिलो, हलवायचं नाही म्हणून. पाच मिनिटं. बदलीच्या ऑर्डरची वाट पाहताना एवढा घाम फुटला नव्हता. उलटले तर काय रंग आला होता! मग दही, टोमॅटो, तिखट, आणि भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं वाटण माझ्या पदरचं. व्हिडिओवाली म्हणते वीस मिनिटांत शिजतं. शिजतं कपाळ! गावरान कोंबडा तो, वीस मिनिटांनी दातानं ओढावं तर बोटंच सुटावीत. झाकणावर पाणी ठेवावं तर काचेचं झाकण फुगीर, पाणी ठरत नाही. शेवटी झाकण काढून पॅनवर पितळी ताट ठेवलं, ताटात पाणी, आणि ते तापलं की तेच आत ओतायचं. असं दीड तास. रस्सा आटून दाट झाला, कडेनं तेल सुटलं.

अश्विनीनं भाकरीनं पॅन पुसून खाल्ला. म्हणाली, "नाना, हे माझ्यापेक्षा भारी झालंय." मी म्हणालो, "पोरी, मागच्या वेळी मी चुकलो." एवढंच बोललो, पण बोललो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती तिखटावर ढकलून मोकळी झाली.

शेजारी वाटी जायलाच पाहिजे. अश्विनी चंद्राबाईच्या नवऱ्याकडं, रखमाजीकडं, वाटी देऊन आली. चंद्राबाई खात नाही, रखमाजीनं खाल्लं. कुंपणावरून ओरडला, "नाना, हाताला चव हाय तुमच्या!"

आज मी खूश आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहाटे कोंबड्याच्या आरवण्यानं जाग आली. पडल्या पडल्या ऐकत होतो. आमचा कोंबडा आरवताना शेवटाला ठसका लागल्यासारखा अडखळतो. हाही अडखळला. मी उठून बसलो. बाहेर जाऊन पाहतो तर आंब्याच्या फांदीवर वाकडा तुरा.

ओट्यावर बसलो. मग आमच्या खुराड्यात रात्री होता कोण? आमच्या तरण्या तलंग कोंबड्यांच्या मागं लागून शेजारचा इकडं येऊन बसतो, हे बाळाबाईनं दहादा सांगितलं होतं. दोरा. लाल दोरा. देवीच्या नावाचा.

आठ वाजता चंद्राबाई परसात हाका मारत फिरू लागली, त्ती त्ती त्ती. माझ्या दारात आली. "नाना, माझा कोंबडा दिसला का वं?"

कुमार आणि अश्विनी तिथंच चहा पीत होते. अश्विनी माझ्याकडं पाहून हसत होती, कालच्या जेवणाची खुशी तिच्या तोंडावर तशीच होती. आणि मी म्हणालो, "बिबट्यानं नेला असेल. परवा खालच्या वाडीत कुत्रं नेलं."

ठरवलं होतं, पोरं गेली की सांगू. पोरं दोनला गेली. मी आमचा कोंबडा पकडला, आत आणला आणि डालग्याखाली झाकून वर गोधडी टाकली.

सोमवार, १० फेब्रुवारी

सकाळीच पप्पू ओढ्यावरून आला, मुठीत तांबडी पिसं आणि लाल दोरा. "बिबट्या दोरा सोडून खातोय व्हय? मुबारकनं नेला. शनवारी टेम्पो त्याचाच उभा व्हता वाडीत."

अंगणात आठ-दहा माणसं जमली. पप्पू मला म्हणाला, "नाना, तुमच्याकडंच आल्ता ना त्यो, तुमचं कोंबडं कापाया? कायतरी बघितलं असंल तुमी."

मी म्हणालो, "मी आत कांदा परतत होतो. माझं लक्ष नव्हतं."

हे खोटं नाही. एक शब्द खोटा नाही.

पप्पूनं तिथूनच मुबारकला फोन लावला आणि नको नको ते बोलला. देवीचं चोरतोस, तुझ्या आज्याचा मान होता, पुन्हा टेम्पो या रस्त्याला दिसला तर काचा राहणार नाहीत. मुबारक काय बोलला ते ऐकू आलं नाही. थोडंसंच बोलला असावा. मी वाट पाहत होतो की आता पप्पू वळून माझ्याकडं बघेल. नाही बघितलं. मुबारकनं माझं नाव घेतलं नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज नवस व्हायचा होता. झाला नाही. बाळाला ताप आहे, भोरला दवाखान्यात दाखवून आणलं. सर्दीचा ताप, बाकी काही नाही म्हणाले. चंद्राबाई काही ऐकायच्या मनःस्थितीत नाही.

रखमाजी येऊन ओट्यावर बसला. सहा फूट माणूस, पण आज अर्धा वाटत होता. आणि तेवढ्यात आतून गोधडीखालून आरवलं. मी एकदम म्हणालो, "मोबाईल! मोबाईलची रिंग आहे, कुमारनं टाकून दिली."

रखमाजी म्हणाला, "झ्याक हाय. मला बी टाकून द्या."

तो गेल्यावर मी आत जाऊन कोंबड्यासमोर बसलो आणि स्वतःला दोन शिव्या दिल्या. एकसष्ट वर्षांचा बाप्या, कोंबडं झाकून बसलाय!

मुबारकचा विचार करतो आहे. भला माणूस. पूर्वी तो पाट्यांतून कोंबड्या घेऊन गाडीला यायचा, ड्रायव्हर कुरकुरायचा, मी म्हणायचो, बस रे मागं. ते त्यानं लक्षात ठेवलंय. माझी अब्रू राखतोय. असं जुनं माणूस आता मिळत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

कोंबडा पिशवीत घातला, वर भाजी टाकली, आणि पहिल्या गाडीनं निघालो. भोर, नसरापूर, वेल्हे. नसरापूरला पिशवीतून आरवला तेव्हा अख्खी जीप हसली.

बाळाबाईनं पिशवी उघडली, तुरा पाहिला आणि माझ्याकडं पाहिलं. "ह्यो हितं हाय. मग तुमी शिजवला काय?"

एवढ्याच वाक्यात तिनं सगळं ओळखलं. मी सांगितलं. सांगताना चंद्राबाईचं सांगितलं, बाळाच्या तापाचं सांगितलं, मुबारकचं शेवटी सांगितलं.

ती म्हणाली, "अवं, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं ऱ्हातंय व्हय? त्या गरीब माणसाला शिव्या बसल्या आन् तुमी हुभं ऱ्हाऊन ऐकल्या?"

मी म्हणालो, "तो माझ्यासाठीच गप्प आहे. त्यालाही वाटतंय की माझी इज्जत राहावी."

ती हसली नाही, रागावलीही नाही. म्हणाली, "कोंबडा ऱ्हाऊ द्या हितं. तुमी तोंड उघडल्याबिगर म्या घरी येत न्हाई." आणि आईची कूस बदलायला आत निघून गेली. मला जेव सुद्धा म्हणाली नाही. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा.

रविवार, १६ फेब्रुवारी

टेम्पो आला नाही. बायामाणसं सवयीनं फाट्यावर जाऊन आली. एक जण म्हणाला, आता कोंबडीसाठी भोरला हेलपाटा. दुसरा म्हणाला, चोराच्या हातचं खाण्यापरीस बरं. मी मान हलवली. मान का हलवली मी? कुणी विचारलं नव्हतं.

अश्विनीचा फोन. तिनं माझ्या पॅनचा फोटो तिच्या माहेरच्या ग्रुपवर टाकलाय, 'आमच्या नानांच्या हातचं' म्हणून. तिच्या आईला कृती हवी आहे. मी म्हणालो, रेंज नाही, नंतर सांगतो.

पॅन फळीवर पालथा घातलाय. आठवडाभर पिठलं-भातावर आहे.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

सांगितलं. आज सांगितलं.

बाळ बरं आहे, चार दिवसांपूर्वीच ताप उतरला. पण चंद्राबाई एकवेळ जेवते आहे. सकाळी पाण्याला जाताना माझ्या दारात टेकली. डोळे खोल गेलेत. म्हणाली, "नाना, तुमी चार गावं फिरलेलं. देवीनं माझा कोंबडा घेतला न्हाई. चोरानं न्हेला त्यो, पर तिनं न्हेऊ का दिला? माझंच कायतरी चुकलं असंल. सुलक्षणाला म्या पोटुशी असताना लई राबवली. त्याचंच असंल का वं?"

सुलक्षणा म्हणजे तिची सून. घाबरून घाबरून ती स्वतःच्या मनातली पापं धुंडाळत होती, आणि तिच्यासमोर बसलो होतो मी.

म्हणालो, "चंद्राबाई, रखमाजीला हाक मार. पप्पूलाही. गेनबालाही बोलाव." गेनबा वाघजाईचा पुजारी. आणखीही चार जण आले. मी ओट्यावर उभा राहिलो. खांब धरला. म्हणालो, "देवीचा कोंबडा मुबारकनं नेला नाही. मी माझा समजून त्याला कापायला दिला. त्यानं दोन वेळा विचारलं. मी ऐकलं नाही. तो मी शिजवला, आम्ही खाल्ला, आणि रखमाजी, तू सुद्धा खाल्लास."

वाटलं, आता पप्पू अंगावर येणार. आला असता तर बरं झालं असतं.

मग रखमाजी हसायला लागला. पोट धरून. "तरीच! तरीच म्हणलं रस्सा एवढा ग्वाड कसा! आमच्याच घरचा व्हता की!" मग सगळेच हसले. चंद्राबाईनं पदर तोंडाला लावला. आधी रडली, मग तीही हसली. गेनबा म्हणाला, "इसरून झालं, त्याला देवी धरत न्हाई. नानाचा तांबडा हाय न्हवं? त्योच बाळाच्या नावानं देऊ." पप्पू म्हणाला, "नाना, तुमी बी ना! आधीच सांगायचं की. माणसाचीच चूक हुती." सुलक्षणानं चहा आणला. चहा संपायच्या आत माझी माफी होऊन गेली.

बारा दिवस मी मेल्यासारखा जगलो, आणि हे एवढ्यात मिटलं. मी मोकळा व्हायला पाहिजे होतो.

म्हणालो, "आणि मुबारक?"

"त्याचं काय?" पप्पू म्हणाला. "सांगा त्याला, ये म्हणावं. कोंबडा कापाया तरी त्योच लागणार."

म्हणालो, तू बोललास त्याला, तू चल माझ्याबरोबर. पप्पूला गव्हाला पाणी द्यायचं होतं. रखमाजीचा गुडघा दुखत होता. बाकीच्यांनी कप खाली ठेवले आणि उठले.

रविवार, २३ फेब्रुवारी

एकटाच गेलो. भोरला मुबारकच्या घरी त्याची आई जन्नतबी होती. म्हणाली, तो आता आपल्याकडच्या डोंगरातली लाईन करत नाही, शिवऱ्याला हायवेच्या कडेला एका शेडमध्ये बसतो. "इतक्या लांबून आलाय, पाणी तरी घ्या." घेतलं.

शिवऱ्यात रविवारची गर्दी होती. मुबारक मला पाहून उठला, फडक्यानं हात पुसले, स्टूल दिलं. मी सगळं सांगितलं. गावाला खरं कळलंय, सगळे म्हणतात ये, शुक्रवारी नवस आहे, तुझ्याच हातचा पाहिजे. तो म्हणाला, "येतो की. देवीचं काम हाय." रविवारच्या फेरीचं विचारलं तर म्हणाला, "न्हाई साहेब. हितं बरं चाललंय."

मी माफी मागितली. हात जोडले. त्यानं माझे हात धरून खाली केले, "लोक बघत्यात साहेब."

मग मी मनात होतं ते बोललो. "मुबारक, तू माझ्यासाठी गप्प राहिलास. जुनी ओळख ठेवलीस. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही."

त्याला खरंच नवल वाटलं. "तुमच्यासाठी?" म्हणाला. "न्हाई वं. म्या म्हणलो असतो, कोंबडा नानांनी दिला. आन् तुमी म्हणला असता, न्हाई. मग गावानं कुणाचं ऐकलं असतं?"

मी म्हणालो, "मी नाही म्हणालो नसतो रे."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मुबारकनं त्याला विचारलं, "किती देऊ?"

भोरपासून पुढच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. बाळाबाईला फोन केला, सांगितलं म्हणालो. उद्या येते म्हणाली, कोंबडा घेऊन. मग फोन ठेवून नीट विचार केला. तो सोमवार डोळ्यांपुढं आणला. अंगणात माणसं, पप्पूच्या मुठीत दोरा, फोन स्पीकरवर, आणि त्यातून मुबारक म्हणतोय, नानांनी दिला. सगळे माझ्याकडं वळून पाहतायत. मी काय म्हणालो असतो?

शोधावं लागलं नाही. शब्द तयारच होते. "अरे मुबारक, एवढ्या वर्षांची ओळख आपली, खोटं कशाला बोलतोस बाबा?" रागावून नव्हे, अगदी मायेनं म्हणालो असतो. आणि सगळ्यांनी माझं ऐकलं असतं.